आक्कांच्या ठेवीचं व्याज आणि कापलेला कर

कर, आयकर, रिटर्न असे शब्द कानावर आले की आपल्यातल्या निम्म्याजणी रेडिओचा आवाज बारीक करतात, हे आम्हाला ठाऊक आहे. ते नोकरदारांचं, व्यापाऱ्यांचं, आपला काय संबंध? आम्हीही काल-परवापर्यंत असंच म्हणत होतो. म्हणून आज सुरुवात कायद्यानं करत नाही, आक्कांच्या पासबुकानं करतो.

आक्का म्हणजे आमच्या गावातल्या गुरुजींच्या मंडळी. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. ते गेल्यावर आक्कांना कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं, महिना २२ हजार. गुरुजींच्या निवृत्तीचे आलेले १८ लाख तालुक्याच्या बँकेत आक्कांच्या नावावर मुदत ठेवीत टाकले, सात टक्क्यांनी. घरची दोन एकर जमीन बटाईनं दिलेली. मुलगी सासरी, मुलगा चाकणला. आक्का एकट्या राहतात आणि कुणापुढं हात पसरत नाहीत.

मागच्या जूनमध्ये आमच्या मंगळवारच्या बैठकीला त्या पिशवीत पासबुक घेऊन आल्या. म्हणाल्या, "पोरींनो, जरा बघा गं. दर तीन महिन्याला ३१,५०० व्याज यायला पाहिजे. येतं पण. मग त्यातनं ३,१५० परत जातात. ते कुठं जातात?" पासबुकावर छोट्या अक्षरात लिहिलं होतं, टीडीएस. आक्कांनी बँकेत विचारलं होतं. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "सरकार कापतं." आक्का घरी आल्या. सरकारनं कापलं म्हणजे गेलं, असं त्यांनी धरून घेतलं. तीन वर्षं धरून घेतलं.

वर्षाचे १२,६०० रुपये. तीन महिन्यांच्या ३,१५० मध्ये आक्कांची साखरेची आणि रक्तदाबाची औषधं येतात. आणि खरी गोष्ट अशी, की आक्कांना एक रुपयासुद्धा कर लागत नव्हता.

आता हे कसं, ते आपल्या गटाच्या वहीच्या भाषेत सांगतो. टीडीएस हा कर नव्हे, ती कराची उचल आहे. तुम्हाला वर्षाअखेर कर लागेल की नाही हे बँकेला माहीत नसतं. तिला फक्त तिनं दिलेलं व्याज दिसतं. ते ठरावीक रकमेच्या वर गेलं की बँक दहा टक्के कापते आणि तुमच्या पॅन क्रमांकावर सरकारकडं जमा करते. म्हणजे गटाच्या वहीत जसं एखादीच्या नावावर जास्तीचे पैसे जमा दिसतात आणि समोर 'देणे' लिहिलेलं असतं, तसं ते सरकारच्या वहीत आक्कांच्या नावावर पडून होतं. मागितलं तर मिळतं. मागायची रीत म्हणजे रिटर्न.

मग हिशेब मांडला. आधी निवृत्तिवेतन, १२ महिन्यांचे २ लाख ६४ हजार. कुटुंब निवृत्तिवेतनातून कायदा एक वजावट देतो. नव्या पद्धतीत मिळणाऱ्या रकमेचा तिसरा हिस्सा किंवा २५ हजार, जे कमी असेल ते. जुन्या पद्धतीत हीच वजावट १५ हजारांपर्यंत. आक्कांचे २५ हजार वजा केले, राहिले २ लाख ३९ हजार. त्यात व्याजाचे १ लाख २६ हजार मिळवले. झाले ३ लाख ६५ हजार. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. २०२५-२६ या वर्षात नव्या पद्धतीत पहिल्या ४ लाखांवर करच नाही. संपला हिशेब. त्याच्या आदल्या वर्षी ही रेषा ३ लाखांवर होती, पण तेव्हाही ७ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याचा कर माफ होत होता. कर शून्य, आणि कापले १२,६००.

आक्का म्हणाल्या, "मग कापले कशाला?" आम्ही म्हटलं, तुम्ही 'कापू नका' असं लिहून दिलं नाही म्हणून.

लिहून द्यायच्या त्या कागदाला २०२५-२६ पर्यंत फॉर्म १५ एच म्हणत. साठ वर्षं पूर्ण झालेल्या माणसासाठी आहे. वर्षात कधीही साठ पूर्ण होत असतील, अगदी ३१ मार्चला होत असतील, तरी चालतं. त्यात आपण लिहून देतो, की माझ्या सगळ्या उत्पन्नाचा अंदाज धरला तरी यंदा मला कर शून्य बसतो, म्हणून व्याजातून कापू नका. बँकेनं तो घेतला की कपात थांबते. पण काही गोष्टी सांभाळायच्या. हा कागद दरवर्षी नव्यानं द्यावा लागतो, एकदा दिला की आयुष्यभराचं काम झालं असं नाही. एप्रिलमध्ये, पहिलं व्याज पडायच्या आत द्यावा. ठेवी दोन बँकांत असतील तर दोन्हीकडं द्यावा, आणि पोस्टात ठेव असेल तर पोस्टातही. पॅन क्रमांक लागतो. पॅन नसेल तर अर्ज चालत नाहीच, उलट दहाऐवजी वीस टक्के कापतात. आणि एक प्रत शिक्का मारून परत घ्यावी. "शिक्का नाही सापडत, उद्या या" असं म्हणाले तर आम्ही सांगतो, थांबते, शोधा. आक्का पाऊण तास थांबल्या. शिक्का सापडला.

साठीच्या आतल्या बायकांसाठी २०२५-२६ पर्यंत वेगळा कागद होता, १५ जी. आपल्या गटांत पन्नाशीतल्या विधवा बहिणी आहेत, नवऱ्याच्या भरपाईचे किंवा विम्याचे पैसे ठेवीत आहेत, त्यांनी तो द्यायचा. त्याला एक जास्तीची अट आहे. कर शून्य असून भागत नाही, वर्षाचं व्याजही करमुक्त मर्यादेच्या आत पाहिजे, म्हणजे सध्या नव्या पद्धतीत ४ लाखांच्या आत. विम्याचे जे पैसे नवऱ्याच्या मृत्यूनंतर आले, त्या रकमेवर कर नाही. त्या रकमेच्या ठेवीवर जे व्याज मिळतं, ते मात्र उत्पन्न. या दोन गोष्टींची गल्लत सगळीकडं होते.

कपात कधी सुरू होते, तेही सांगतो. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत एका बँकेतलं वर्षाचं व्याज १ लाखाच्या वर गेलं तरच कापतात. आधी ही मर्यादा ५० हजार होती. साठीच्या आतल्यांना आता ५० हजार. मर्यादा त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून मोजतात, तेव्हा एक ठेव तालुक्याला आणि एक जिल्ह्याला केल्यानं काही साधत नाही. आणि एक लाखाच्या आत असलं म्हणून ते व्याज उत्पन्नातून वगळलं असंही नाही. कपात नाही, एवढंच.

आता ज्येष्ठांना मिळणाऱ्या वजावटी. यावर इतकं बोललं जातं आणि इतकं अर्धवट बोललं जातं, की आम्हालाही नीट समजून घ्यायला तीन बैठका लागल्या.

मूळ गोष्ट अशी, की कर मोजायच्या सध्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी. तुम्ही काही सांगितलं नाही तर नवीच धरतात. जुनी हवी असेल तर रिटर्नमध्ये तसं लिहावं लागतं आणि रिटर्न मुदतीत भरावं लागतं. जुन्या पद्धतीत वयाचा मान आहे. साठीच्या आत अडीच लाखांपर्यंत कर नाही, साठ ते ऐंशीला ३ लाखांपर्यंत, ऐंशीच्या पुढं ५ लाखांपर्यंत. नव्या पद्धतीत वय बघत नाहीत, नातवाला आणि आजीला एकच रेषा, ४ लाख. ज्येष्ठांच्या ज्या वजावटी लोक सांगतात, त्या जवळजवळ सगळ्या जुन्या पद्धतीतच मिळतात.

त्यातली पहिली व्याजाची. कलम ८० टीटीबी. बँक, सहकारी बँक किंवा पोस्ट, यांतल्या बचत खात्याचं, मुदत ठेवीचं, आवर्ती ठेवीचं मिळून ५० हजारांपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा. साठीच्या आतल्यांना फक्त बचत खात्याचं आणि तेही १० हजारांपर्यंत. इथं आपल्याकडची एक अडचण आहे. गावोगाव पतसंस्था आहेत आणि म्हाताऱ्या माणसांचा पैसा अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून तिथं असतो. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिथलं व्याज या वजावटीत धरू नये. (पतसंस्थेत म्हातारपणाची सगळी पुंजी ठेवावी की नाही, हा आणखी वेगळा विषय. आमचं मत विचाराल तर नाही.)

दुसरी औषधपाण्याची, कलम ८० डी. आरोग्य विम्याचा हप्ता ज्येष्ठांसाठी ५० हजारांपर्यंत वजा होतो. आणि ज्या ज्येष्ठ माणसाचा आरोग्य विमाच नाही, त्याच्या दवाखान्याचा, औषधांचा खर्चसुद्धा ५० हजारांपर्यंत वजा होतो. ही दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, आणि आपल्या घरांतून विमा नसलेलीच माणसं जास्त. पण अट अशी, की पैसे रोख दिलेले चालत नाहीत. चेक, कार्ड, फोनवरून, कसेही द्या, पण बँकेच्या खात्यातून गेले पाहिजेत. रोखीला सूट आहे ती फक्त तब्येतीच्या नियमित तपासणीच्या ५ हजारांपुरती. आपल्याकडं डॉक्टरांना नोटा मोजून देतात आणि बिल मागायला संकोचतात. बिल मागा. संकोच डॉक्टरांना वाटायला पाहिजे.

हा खर्च मुलानं केला तर वजावट मुलाच्या नावावर मिळते, स्वतःच्या बायकामुलांच्या वजावटीच्या वर आणखी ५० हजारांपर्यंत. मुलगा पुण्या-मुंबईला नोकरीला आहे, घरकर्ज आहे, घरभाड्याचा भत्ता आहे, म्हणून जुनीच पद्धत वापरतो, अशा घरात ही गोष्ट कामाची. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, वडिलांच्या तपासण्या, बिलं आईवडिलांच्या नावाची आणि पैसे मुलाच्या खात्यातून. नोकरी करणाऱ्या मुलीलाही आपल्या आईवडिलांसाठी असंच मिळतं, लग्न झालं असलं तरी. मात्र सासू-सासऱ्यांचा खर्च सुनेच्या वजावटीत बसत नाही. उशापायथ्याशी बसते सून, आणि कलमात नाव मुलाचं. असो, कायदा आम्ही केलेला नाही.

तिसरी मोठ्या आजारांची, कलम ८० डीडीबी. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणं, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश अशा ठरवून दिलेल्या आजारांवर ज्येष्ठ रुग्णासाठी केलेला खर्च १ लाखापर्यंत. साठीच्या आतल्या रुग्णाला ४० हजार. त्या आजाराच्या तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि विम्यातून जेवढे पैसे परत मिळाले तेवढे वजा करायचे. डायलिसिसची कागदपत्रं लोक रागानं फेकून देतात, आम्ही पाहिलं आहे. वर्ष संपेपर्यंत तरी ठेवा.

याशिवाय कलम ८० सी, दीड लाखापर्यंतच्या गुंतवणुकीचं. त्यात पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना येते. पाच वर्षांची ठेव, २०२५-२६ मध्ये ८.२ टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी हातात, एका माणसाला जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. करासाठी नव्हे, नुसत्या व्याजासाठीसुद्धा ही योजना चांगली आहे. आक्कांची ठेव या वर्षी मुदत भरली की तिथं न्यायचं आम्ही ठरवून ठेवलं आहे.

एवढ्या वजावटी सांगितल्या, आता आमचं खरं मत सांगतो. आपल्या गावातल्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांना यंदा यातली एकही वजावट लागणार नाही. कारण २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर करात पूर्ण सूट आहे. ज्यांना स्वतःचं निवृत्तिवेतन आहे, त्यांना त्यातून ७५ हजारांची सरसकट वजावट वेगळी मिळते, म्हणजे पावणेतेरा लाखांपर्यंत. आपल्यात एवढं उत्पन्न असलेली किती घरं आहेत? निवृत्त शिक्षक, तलाठी, एसटीतले, साखर कारखान्यातले, सगळे त्याच्या आत बसतात. त्यांनी वजावटीच्या पावत्यांमागं धावण्यापेक्षा १५ एच वेळेवर द्यावा आणि रिटर्न भरावं. त्यातच त्यांचा पैसा आहे.

पण इथंच एक गैरसमज पक्का बसला आहे. चावडीवर सगळे म्हणतात, बारा लाखांपर्यंत आता काहीच करायचं नाही. चूक. करमुक्त रेषा ४ लाखांचीच आहे. चारच्या पुढं कर मोजतात आणि मग सूट देऊन तो शून्य करतात. ही सूट रिटर्नमध्ये मिळते. तेव्हा उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर कर शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं. दुसरं, ही सूट जमीनजुमला विकून झालेल्या नफ्याला लागत नाही. खेड्यातली शेतजमीन विकली तर तो प्रश्न येत नाही, पण गावाला लागून पाडलेला बिगरशेती प्लॉट विकला तर येतो. तिथं आमचं ऐकून काही करू नका, चार पैसे देऊन सनदी लेखापालाला विचारा.

परत आक्कांकडं येतो. मागच्या जुलैत रिटर्न भरायला त्या एका केंद्रावर गेल्या. तिथल्या पोरानं दहा मिनिटांत 'सहज' नावाचा फॉर्म भरला, आयटीआर-१. शेती लिहिलीच नाही. आम्ही विचारलं तर म्हणाला, शेतीवर कर नाही ना, मग कशाला लिहायची? कर नसला तरी दाखवावी लागते. आणि शेतीचं उत्पन्न वर्षाला ५ हजारांच्या वर असेल तर 'सहज' चालतच नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. आक्कांच्या बटाईचे ४० हजार आले होते. फॉर्म परत भरून घेतला. पोरगा वैतागला. पण चुकीच्या फॉर्मवर उद्या नोटीस आली असती तर ती आक्कांच्या नावावर आली असती, त्याच्या नाही.

रिटर्न भरल्यावर तीस दिवसांच्या आत ते पडताळून द्यावं लागतं. आधारला जोडलेल्या मोबाईलवर आकडा येतो, तो टाकायचा. हे राहिलं तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. आक्कांचा आधारला जोडलेला नंबर गुरुजींचा होता, तो कधीच बंद पडलेला. आधी तो बदलून आणावा लागला, मग पुढचं. तुमचा आधारला कुठला नंबर आहे, आज संध्याकाळी बघून ठेवा. बऱ्याचजणींचा नवऱ्याचा किंवा मुलाचा निघेल.

पॅनचंही तसंच. पॅन आणि आधार जोडलेलं नसेल तर पॅन निष्क्रिय होतं, आणि निष्क्रिय पॅनवर १५ एच चालत नाही, कपात वीस टक्क्यांनी होते. ऐंशी वर्षांच्या पुढच्यांना ही जोडणी सक्तीची नाही. बाकीच्यांना आहे, आणि राहून गेली असेल तर हजार रुपये भरून करावी लागते. आपल्या बायकांची अडचण नावाची. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, कुठं 'बाई' लावलेलं, कुठं नाही. जोडणी तिथंच अडते. दोन्हीकडं एकसारखं नाव करून घ्यायला एक-दोन महिने जातात, म्हणून मार्च उजाडायची वाट पाहू नये.

आणि एक. ठेव दोघांच्या नावावर असेल तर कपात पहिल्या नावाच्या पॅनवर होते. आमच्याच गटातल्या एका वहिनींचे मालक वारले, ठेवीवर पहिलं नाव त्यांचं तसंच राहिलं, आणि पुढचं दीड वर्ष व्याजातली कपात गेलेल्या माणसाच्या पॅनवर जमा होत राहिली. ते सोडवायला वारसाचे कागद, प्रतिज्ञापत्र, किती खेपा! दुःखात हे सुचत नाही, कबूल. पण तेराव्यानंतर घरातल्या कुणीतरी पासबुकं गोळा करून बँकेत जावं.

आक्कांचे १२,६०० रुपये ऑक्टोबरमध्ये खात्यात आले. त्या दिवशी त्यांनी आम्हाला पुरणपोळी केली होती. १५ एच दिला होता, त्यामुळं या वर्षी कपात झालीच नाही.

तुमच्याकडून आलेले प्रश्न थोडक्यात घेतो. एका ताईंनी विचारलंय, मुलगा महिन्याला दहा हजार पाठवतो, ते उत्पन्न धरायचं का? नाही. मुलानं आईला दिलेल्या पैशावर आईला कर नाही. त्यातून ठेव केली तर व्याज आईचं. नवऱ्याच्या बाबतीत मात्र वेगळं आहे. नवऱ्यानं बायकोच्या नावावर पैसे ठेवले तर त्या ठेवीचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजतात. स्वतःच्या शेळ्यांचे, शिवणकामाचे, पापड-मसाल्याचे पैसे साठवून केलेली ठेव तुमचीच.

दुसरा प्रश्न दबक्या आवाजात फोनवर विचारलेला. रिटर्न भरलं तर सरकारी योजनेचा हप्ता बंद होईल का? लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि घरात आयकर भरणारं कुणी नको, अशी अट आहे. उत्पन्न त्या मर्यादेच्या वर असेल तर रिटर्न न भरल्यानं ते लपत नाही. बँकेनं व्याज दिलं आणि कर कापला की तुमचं नाव, पॅन, रक्कम सगळं आयकर खात्याच्या नोंदीत गेलेलंच असतं. मग आपला परतावा तेवढा का सोडायचा?

तिसरा प्रश्न. एक माणूस गावात येतो, म्हणतो, रिटर्न भरून देतो, परतावा मिळवून देतो, त्यातले इतके टक्के माझे. टक्क्यांवर काम करणाऱ्याला जास्त परतावा दाखवायची हौस असते. नसलेला विमा, न दिलेली देणगी, न झालेला आजार दाखवून तो पैसे काढतो आणि निघून जातो. खोट्या वजावटींची अशी प्रकरणं आयकर खात्यानं जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत धरली. दंड आणि व्याज ज्याच्या नावाचं रिटर्न, त्याला लागतं. ठरावीक रुपये घेऊन पावती देणाऱ्याकडूनच भरून घ्या. आणि परतावा मंजूर झाला आहे, आकडा सांगा, असा फोन आला तर ठेवून द्या. आयकर खातं फोनवर तो आकडा विचारत नाही.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यात कलमांचे आणि अर्जांचे नंबर वेगळे आहेत. तेव्हा बँकेत नंबर सांगत बसू नका. "साठ वर्षांवरच्यांनी व्याजातून कर कापू नये म्हणून द्यायचा अर्ज" असं सांगून मागा. २०२५-२६ चं रिटर्न ३१ जुलैपर्यंत भरायचं. कधीकधी मुदत वाढवून देतात, २०२५ मध्ये ती १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती, पण त्या भरवशावर राहू नये. मुदत हुकली तरी ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, परतावाही मिळतो. येताना पॅन, आधार, सगळी पासबुकं, निवृत्तिवेतनाचा कागद आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन मंगळवारी दुपारी दोननंतर या. एकटीनं बँकेत जायला धाकधूक वाटत असेल तर आमच्यातली कुणीतरी बरोबर येईल.

आक्कांच्या आधीच्या दोन वर्षांचे मिळून २५,२०० रुपये अजून सरकारकडंच आहेत. त्या वर्षांची मुदत कधीच संपली. अशा वेळी उशीर माफ करावा म्हणून आयकर खात्याकडं अर्ज करता येतो, त्या त्या आकारणी वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत, उशिराचं खरं कारण लिहून. आक्कांनी कारण स्वतः सांगितलं, आम्ही तसंच उतरवलं: पती वारले, कागद कळत नव्हते, बँकेत विचारलं तेव्हा परत मिळतात असं कुणी सांगितलं नाही. दोन्ही अर्ज नोव्हेंबरमध्ये दिले आहेत. उत्तर आलं की इथंच कळवू.